हाताने दाबायचं माती-वीट यंत्र: वस्तीसाठी घ्यावं का?

तीस-चाळीस घरांची वस्ती उभी करायची आहे, मोकळी जागा आहे, पायाच्या खोदाईतून बरी माती निघते आहे आणि पाच-सहा महिने सलग राबणारी माणसं मिळणार आहेत, असं असेल तर हे यंत्र घ्यावं. एकाच घरासाठी घेण्यात अर्थ नाही, भाड्याने आणावं. आणि जिथे विटा मांडायलाच जागा नाही अशा दाट वस्तीत कुणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नये. निकाल आधीच सांगून टाकला, कारण या यंत्राबद्दल बोललं जातं ते एक तर 'गरिबांच्या घराचा प्रश्न सुटला' या थाटात, नाहीतर 'मातीचं घर म्हणजे पुन्हा कच्चंच घर' असं नाक मुरडून. यंत्र प्रत्यक्षात काय करतं आणि कुठे दगा देतं, हे दोन्हीकडे राहून जातं.

इथे परीक्षण आहे ते सिनवा-राम जातीच्या यंत्राचं. राऊल रामिरेझ या अभियंत्याने १९५०च्या दशकात कोलंबियात, बोगोटाच्या 'सिनवा' या गृहनिर्माण केंद्रात त्याचा आराखडा केला. पुढे जगभरातल्या लहान कारखान्यांनी त्याच्या नकला काढल्या, त्यामुळे आज हाती येणारं यंत्र चांगलं की वाईट हे आराखड्यापेक्षा बनवणाऱ्या कारखान्यावर जास्त ठरतं. रचना सोपी आहे: पोलादी पेटी, तिच्यात खालून वर सरकणारा दट्ट्या, वर बाजूला होणारं झाकण आणि दीड-दोन मीटरचा दांडा. पेटीत ओलसर माती भरायची, झाकण लावायचं, दांडा उभा करून झाकणावर अडकवायचा आणि खाली ओढायचा. सांध्यांच्या जोडणीमुळे दट्ट्या वर चढतो आणि माती झाकणाखाली आवळली जाते. मग दांडा परत, झाकण बाजूला, दांडा उलट्या अंगाला दाबला की वीट पेटीच्या वर येते. वीज, डिझेल, भट्टी यांतलं काही लागत नाही. वीट २९ × १४ × ९ सेंमीची निघते. दाब साधारण २ मेगापास्कल, म्हणजे विटेच्या सगळ्या तोंडावर मिळून ८ टनांच्या आसपास.

आता या यंत्राची जी खोड आहे ती नीट समजून घ्यायला हवी, कारण निम्म्याहून जास्त वाईट विटा तिच्यामुळे होतात. दट्ट्याची धाव ठरलेली आहे. तुम्ही पेटीत कमी माती टाका की जास्त, दांडा खालपर्यंत आला म्हणजे वीट ९ सेंमीचीच होणार. माती कमी पडली तर दांडा लोण्यात सुरी जावी तसा खाली येतो, वीट दिसायला चोख, कडा सरळ, मापात तंतोतंत, आणि आतून पोकळ. थप्पीत ती इतरांसारखीच दिसते. ओळखू येते ती पहिल्या पावसात, कोपरे झिजायला लागल्यावर. उलट माती जास्त झाली तर दांडा मध्येच अडतो, मग दोघे जण त्याला लोंबकळतात, कुणी उडी मारतं, आणि पिन वाकते किंवा सांध्याचं वेल्डिंग उकलतं. बळ लागतंय म्हणून वीट मजबूत होतेय, ही समजूत पार चुकीची. दांडा शेवटच्या वीतभर अंतरात जड जावा, पण एका माणसाच्या वजनाने पुरता खाली यावा. तेवढंच हवं.

म्हणून यंत्राबरोबर वजनकाटा आलाच पाहिजे. हिशेब असा: विटेचं घनफळ ३,६५४ घन सेंमी. कोरडी घनता घन सेंमीला १.८ ते १.९ ग्रॅम यायला हवी, म्हणजे सुकी वीट ६.६ ते ६.९ किलोची. दाबताना १० टक्क्यांच्या आसपास ओलावा धरला तर ताजी वीट ७.३ ते ७.६ किलो भरली पाहिजे. पहिल्या दिवशी दहा-बारा विटा दाबून, वजन करून भरणीचं माप ठरवावं आणि त्या मापाचा पत्र्याचा डबा कापून घ्यावा. घमेल्याने अंदाजे भरणं पहिल्याच दिवशी बंद करायचं. डबा मिळाला तरी दर पन्नासाव्या विटेचं वजन करून वहीत लिहावं, कारण मातीचा ओलावा आणि ढीग बदलला की त्याच डब्यातलं वजनही बदलतं.

डब्यानंतर दुसरी गोष्ट म्हणजे कोपरे. माती ओतली की ती पेटीच्या मध्यभागी उंच राहते आणि चार कोपऱ्यांत विरळ. झाकण लावण्याआधी बोटांनी चारही कोपऱ्यांत माती दाबून बसवायची, मग वरून हात फिरवून सपाट करायची. याला पाच सेकंद लागतात आणि नेमकी हीच पाच सेकंदं घाईत वाचवली जातात. कोपरा मऊ राहिलेली वीट उचलतानाच तुटते, आणि तुटली नाही तर भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बसून तिथून पाणी पिते.

माती.

कुठल्याही मातीची वीट होते असं विक्रेते सांगतात. होत नाही. चांगल्या मिश्रणाचा ठोकताळा असा: बारीक खडे १५ टक्के, वाळू ५०, पोयटा १५ आणि चिकणमाती २०. पाच-दहा टक्के इकडेतिकडे चालतं. वरचा थर, ज्यात मुळं आणि कुजलेला पाला असतो, तो बाजूला काढून ठेवायचा. तो झाडांसाठी वापरावा, विटेत नको. खारवट माती टाळायची, कारण मीठ पुढे भिंतीवर पांढरं फुलतं आणि पापुद्रे काढतं. फुगणारी काळी चिकणमाती एकटी वापरलीत तर वीट वाळताना भेगाळणार, हे ठरलेलं.

जागेवर करायच्या दोन चाचण्या पुरतात. पहिली बरणीची: काचेच्या सरळ बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवायची आणि ठेवून द्यायची. मिनिटभरात वाळू तळाला बसते, पोयटा तासाभरात, चिकणमाती बसायला एक दिवस जातो. थरांची उंची मोजली की प्रमाण कळतं. दुसरी आकुंचनाची, आणि ही जास्त भरवशाची: आतून ६० × ४ × ४ सेंमीची लाकडी पेटी, तिला तेलाचा हात, त्यात चांगली ओली कालवलेली माती ठासून भरायची. तीन दिवस उन्हात किंवा आठवडाभर सावलीत वाळवायची, मग तुकडे एका टोकाला सरकवून रिकामी राहिलेली फट मोजायची. फट १५ मिमीच्या आत असेल तर ५-६ टक्के सिमेंटवर भागतं. ३० मिमीपर्यंत गेली तर ७-८ टक्के. ४५ मिमीच्या पुढे गेली तर सिमेंट वाढवत बसू नका, आधी वाळू मिसळा आणि पुन्हा चाचणी करा. फारच चिकण माती असेल आणि वाळू मिळत नसेल तर चुना हा पर्याय आहे, साधारण ६ टक्के. पण चुन्याची वीट ताकद धरायला जास्त वेळ घेते, आणि तेवढे दिवस ती ओलसर ठेवावी लागते.

शहरात एक सोय असते: बांधकामांच्या पायातून निघालेली माती टाकायला जागा शोधत फिरत असते. ती फुकट मिळाली तरी प्रत्येक गाडीची चाचणी वेगळी करायची. एक गाडी मुरमाची, दुसरी निव्वळ चिकण, तिसरीत डबराचे तुकडे, असं सर्रास होतं. वेगवेगळ्या गाड्यांची माती एका मोठ्या ढिगात फावड्याने उलटीपालटी करून एकजीव केली नाही, तर सोमवारची वीट आणि गुरुवारची वीट यांचा मेळ बसत नाही.

मिश्रणाची कृती. माती कोरडी असताना ८-१० मिमीच्या जाळीतून चाळायची. चाळलेल्या मातीवर सिमेंट पसरून ते कोरडंच मिसळायचं, निदान तीन वेळा उलटंपालटं, रंग एकसारखा होईपर्यंत. मग झारीने पाणी शिंपडत मिसळायचं. नळीची धार मारली की गोळे होतात, आणि गोळ्याच्या आत सिमेंट पोचतच नाही. ओलाव्याची परीक्षा अशी: मूठभर मिश्रण हातात आवळून गोळा करायचा आणि खांद्याइतक्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडायचा. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी. चपटा होऊन एकसंध राहिला तर पाणी जास्त. अशी माती पेटीला चिकटते आणि वीट निघतानाच तिच्या कडा सोलवटतात. पाणी जास्त असलेल्या विटा काढायला सोप्या वाटतात, दांडाही हलका जातो, म्हणून दुपारनंतर थकलेली टोळी हळूहळू पाणी वाढवत नेते. मुकादमाने दुपारी तीननंतर गोळा टाकून बघायचा तो यासाठी.

पाणी पडल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात ते मिश्रण संपलं पाहिजे. यंत्र तासाला चाळीस-पन्नास विटा काढतं, म्हणजे एका वेळी वीस-पंचवीस विटांपुरतंच कालवायचं, साधारण १७५ किलो. सकाळी एकदाच मोठा ढीग कालवून जेवणापर्यंत वापरायचा, हा सगळ्यात महागात पडणारा आळस. सिमेंट ढिगातच धरायला लागतं, मग दाबताना ती पकड मोडते, आणि ८ टक्के घालूनही ३ टक्क्यांचा गुण येतो. ५० किलोच्या एका गोणीत ५ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे दीडशे विटा होतात, ८ टक्क्यांच्या हिशेबाने नव्वदच्या आसपास. वहीतला गोण्यांचा आकडा आणि विटांचा आकडा जुळत नसेल तर कुठेतरी गडबड आहे, आणि ती शोधायला प्रयोगशाळा लागत नाही.

ताजी वीट दोन्ही तळव्यांनी लांब बाजूंवर धरून उचलायची, कोपऱ्यांना हात लावायचा नाही. पहिला दिवस सपाट जमिनीवर, एकाच थरात, प्लास्टिकखाली. दुसऱ्या दिवशी चार-पाच थरांची थप्पी लावून वर गोणपाट किंवा ताडपत्री टाकायची आणि पहिला आठवडा ओल तुटू द्यायची नाही. उघड्या उन्हात वाळलेली वीट ही निव्वळ वाळलेली माती असते. सिमेंटला धरायला पाणीच मिळालेलं नसतं. २८ दिवसांच्या आत भिंतीत लावू नये. रोज ४०० विटा पडत असतील तर एकेरी मांडणीला दिवसाला वीस चौरस मीटरच्या वर जागा जाते, शिवाय महिनाभराच्या थप्प्या, मातीचा ढीग, चाळण आणि पाण्याची टाकी. दाट वस्तीत हे यंत्र चालत नाही ते यामुळे. दाबायला लागते एका खाटेएवढी जागा, मुरवायला लागतं अंगण.

आकड्यांत बोलायचं तर ४ × ६ मीटरचं, मध्ये एक आडवी भिंत असलेलं दोन खोल्यांचं घर घ्या. २.७ मीटर उंची, दारं-खिडक्या वजा करून ५७ चौरस मीटर भिंत. चौरस मीटरला ३३ विटा, तुटफूट धरून घराला २,०००. त्याला सुमारे साडेतेरा टन सुकी माती, चाळणीवर राहणारा खडा धरून पंधरा टन, म्हणजे जमिनीत नऊ-दहा घनमीटरचा खड्डा. हा खड्डा कुठे पडणार हे नकाशावर आधीच ठरवायला हवं. पावसाचं पाणी साठवायचं टाकं, शोषखड्डा, सांडपाण्याची टाकी, काहीही चालेल. तीस घरांचे तीस खड्डे मात्र जागोजाग तसेच सोडले तर पुढच्या पावसाळ्यात वस्तीत डासांची पैदास होते आणि लहान मुलं बुडण्याचा धोका राहतो. यंत्राच्या माहितीपत्रकात हे नसतं.

ताकदीची चिंता लोक नको तितकी करतात. १४ सेंमी जाडीच्या एकमजली भिंतीच्या तळाशी, हलकं छत धरून, दाब ०.१ मेगापास्कलच्याही आत असतो. नीट केलेली वीट ओली असतानाही याच्या दहापट सहज पेलते. खरी कसोटी पाण्याची. भिजल्यावर या विटेची ताकद कोरडीच्या निम्म्यावर येते, कधी त्याखालीही. म्हणून दर हजारातल्या पाच विटा २४ तास पाण्यात बुडवून ठेवाव्यात. मग २० सेंमी अंतरावर दोन सळ्या ठेवून त्यांवर वीट आडवी मांडायची आणि मधोमध तिसऱ्या सळीवरून वजन टांगत जायचं. पाचही जवळपास सारख्या वजनाला मोडल्या तर काम सुरळीत आहे. एखादी निम्म्या वजनालाच गेली तर त्या दिवसाची वही काढून बघा.

या विटेचं घर टिकतं ते बांधणीतल्या चार-पाच गोष्टींवर. जोतं दगडाचं, काँक्रीटचं किंवा भाजक्या विटेचं, जमिनीपासून निदान ४५ सेंमी वर, आणि त्यावर ओल अडवणारा थर. जोत्याच्या खाली मातीची वीट अजिबात नाही. छताच्या पागोळ्या भिंतीपासून निदान ४५ ते ६० सेंमी लांब पडल्या पाहिजेत. चुन्याचा किंवा सिमेंट-मातीचा पातळ गिलावा बरा. कडक सिमेंटचा जाड गिलावा भिंतीबरोबर हलत नाही, त्याच्यामागे पाणी शिरतं आणि एक दिवस अख्खा पापुद्रा खाली येतो. जोडणीचा मसालाही विटेच्या जातीचाच हवा, माती, वाळू आणि सिमेंटचा, त्यात सिमेंटचं प्रमाण विटेच्या दीडपट. गवंड्याला सवय असते निव्वळ सिमेंट-वाळूची, आणि तो 'जरा तेज माल लावतो' म्हणत ती सवय सोडत नाही. मग भेग पडते ती मसाल्यातून न जाता विटेच्या मधून. लावण्याआधी वीट पाण्यात बुडवून काढायची, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी ओढून घेते. १४ सेंमीची भिंत तीन मीटरपेक्षा लांब सरळ जाऊ द्यायची नाही, मध्ये आडवी भिंत किंवा जाड खांब घ्यायचा. दुमजली विचार असेल तर ही वीट एकेरी पुरणार नाही, भिंत दुहेरी जाडीची करावी लागेल, आणि मग विटांचा, मातीचा, दिवसांचा सगळा हिशेब दुप्पट.

भूकंपप्रवण भागात माझं मत स्पष्ट आहे: भरीव विटांचं हे साधं यंत्र तिथे पहिली पसंती नको. जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची आडवी तुळई) आणि छताच्या पातळीवर सलग पट्ट्या आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या लागतातच, आणि भरीव विटेत उभी सळी घालायला जागा नसते. तिथे भोकं असलेली, एकमेकींत अडकणारी वीट देणारं यंत्र घ्यावं. २०१५च्या भूकंपानंतर नेपाळच्या पुनर्बांधणीत अशाच विटा वापरल्या गेल्या. उत्तर युगांडातही संयुक्त राष्ट्रांच्या वसाहत संस्थेने अडकणाऱ्या माती-विटांचा प्रसार केला, त्यात वक्र वीट घेऊन पाण्याच्या टाक्याही बांधता येतात. ही यंत्रं जास्त जड, साचे जास्त नाजूक, आणि मातीबाबत जास्त लहरी. खोबणीचा ओठ कमी चिकण मातीत टिकत नाही.

इतर पर्यायांत ऑरोविलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने विकसित केलेलं ऑरम जातीचं हातयंत्र दर्जाने वरचं आहे. साचे बदलता येतात, दाब जास्त आणि वीट एकसारखी. मात्र त्याला मोठी, शिकलेली टोळी लागते. ती नसेल तर जादा दाबाचा फायदा मिश्रणातच वाया जातो. मोटारवरची यंत्रं दिवसाला हजारांत विटा काढतात. हिंदी महासागरातल्या मायोट बेटावर १९८०च्या दशकापासून मातीच्या दाबविटांची हजारो घरं उभी राहिली, तिथे विटांचं उत्पादन हा एक चालता उद्योगच झाला होता. पाचशे घरांच्या प्रकल्पात हातयंत्रांची रांग लावण्यात शहाणपण नाही. तिथे मोटार घ्या आणि देखभाल करणारा माणूस पगारावर ठेवा.

पर्यावरणाचा मुद्दा याच्या बाजूने आहे, पण अटीवर. भट्टीचं जळण वाचतं आणि माती जागच्या जागी वापरली जाते, त्यामुळे वाहतूकही वाचते. सिमेंट ५-६ टक्क्यांवर असेपर्यंत हे खरं. माती वाईट म्हणून ते १०-१२ टक्क्यांवर नेलंत तर तुम्ही कमकुवत काँक्रीट ठोकळा बनवताय, त्यापेक्षा सरळ काँक्रीटचा ठोकळा करा. माती चाळीस किलोमीटरवरून येत असेल तर वाहतुकीचा फायदाही गेला. आणि वीट बरी म्हणजे घर थंड, असंही नाही. वर उघडा पत्रा टाकलात तर दुपारी आतली हवा तापणारच. बुर्किना फासोमधल्या गांदो गावात वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये बांधलेली शाळा याच प्रश्नाचं उत्तर आहे. मातीच्या विटांच्या भिंती, त्यावर मातीचाच सच्छिद्र माथा, आणि त्याच्याही वर मोकळी हवा सोडून उचललेला पत्रा. गरम हवा वरून निघून जाते. वस्तीतल्या घराला एवढं करता आलं नाही तरी पत्र्याखाली छत आणि दोहोंमध्ये वाऱ्याची फट हे जमण्यासारखं आहे.

आता ज्याबद्दल अंदाजपत्रकं गप्प असतात ते श्रम. यंत्रावर सहा-सात माणसं लागतात: दोघे खणायला आणि चाळायला, दोघे कालवायला, एक भरणारा, एक दांड्यावर, एक उचलणारा. सराव झाल्यावर ही टोळी दिवसाला ३०० ते ५०० विटा काढते. ४०० धरल्या तर दिवसाला तीन टन माती, आणि तीच माती खणताना, चाळताना, कालवताना, भरताना, उचलताना अशी पाच वेळा हाताळली जाते. एका घरामागे निव्वळ विटांचे तीस-पस्तीस मनुष्यदिवस. कागदावर यापुढे 'श्रमदान' लिहून शून्य रक्कम टाकली जाते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला महिन्याची मजुरी सोडून द्या म्हणणं हे दान नव्हे. शिवाय विधवा, वृद्ध आणि अपंग यांची घरं अशा योजनेत हमखास शेवटी येतात, कारण त्यांच्याकडे द्यायला हात नसतात. म्हणून टोळीला विटेमागे मजुरी द्यावी, तीही २८ दिवसांनी चाचणीत उतरलेल्या विटांवर बांधलेली. निदान दोन हप्ते करावेत, एक दाबल्यावर, दुसरा थप्पी तपासल्यावर. निव्वळ संख्येवर पैसे दिले की डबा हळूहळू लहान होत जातो. दांड्यावरचा माणूस तासाभराने बदलायचा. कमरेवर आणि खांद्यावर येणारा ताण संध्याकाळी कळतो. बायका दांडा ओढू शकत नाहीत ही समजूत खोटी आहे, भरणी बरोबर असेल तर वजन टाकून दांडा येतो. मात्र माती वाहणं, पाणी मारणं अशी कमी मजुरीची कामं त्यांच्या वाट्याला आणि दांडा पुरुषांकडे, ही विभागणी न बोलता होऊन जाते. ती पहिल्या आठवड्यातच मोडायला हवी.

आणखी एक अट, यंत्राशी संबंध नसलेली, पण सगळ्यांत आधीची: जमीन कुणाच्या नावावर आहे? पत्रा आणि बांबूचं घर उद्या उचलून दुसरीकडे नेता येतं, या विटेचं नाही. ताब्याचा कागद नसेल तर आधी तो, मग वीट. बांधकाम परवाना देणाऱ्यांना ही वीट मान्य आहे का तेही लेखी घ्यावं. बऱ्याच देशांत दाबलेल्या माती-विटांचं स्वतंत्र मानक आहे, भारतात आयएस १७२५, पण मानक असणं आणि खिडकीवरच्या माणसाला ते माहीत असणं यांत अंतर असतं. ते न विचारता सुरुवात केली तर घरं उभी राहिल्यावर 'कच्चं बांधकाम' असा शेरा पडू शकतो, आणि कर्ज, अनुदान सगळं त्यावर अडतं.

घेताना काय बघायचं. पेटीचा पत्रा जाड हवा, ८-१० मिमी, आतून गुळगुळीत. कोपऱ्यात वेल्डिंगचा थर आत आलेला नको, तो प्रत्येक विटेची कड सोलतो. पिना कडक पोलादाच्या आणि बुश (पिन ज्यात फिरते त्या भोकातल्या नळ्या) बदलता येणारे. बुश नसलेलं यंत्र स्वस्त मिळतं, पण भोक झिजलं की दुरुस्तीला अख्खी बाजूच काढावी लागते. कारखान्यातच दहा विटा दाबून प्रत्येकीची उंची चारही कोपऱ्यांत मोजा. एकाच विटेत दोन मिमीहून जास्त फरक म्हणजे दट्ट्या तिरका बसतो, यंत्र घेऊ नका. नंतरही दर आठवड्याला हीच मोजणी करायची: पिना झिजल्या की दट्ट्या पुरता वर येत नाही आणि वीट जाड होत जाते. ९ सेंमीची ९.२ झाली की बुश बदलायची वेळ झाली. सांध्यांना रोज वंगण, पेटीला दर आठ-दहा विटांनंतर तेलाचं फडकं, संध्याकाळी सगळी माती खरवडून काढायची. रात्रभर राहिलेली सिमेंटची माती सकाळी दगड झालेली असते.

यंत्राची बैठक फळीवर घट्ट आवळायची आणि फळीवर दोन्ही बाजूंना वजन किंवा खुंट्या. नाहीतर वीट बाहेर काढताना अख्खं यंत्र कलंडतं. दांडा अडकवणारी खिटी झिजली की तो ताणाखाली सुटून उसळतो, आणि तेव्हा समोर हनुवटी असते. दांड्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, आणि भरणाऱ्याने हात बाहेर काढून 'हो' म्हटल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

सुट्या भागांची मागणी यंत्राबरोबरच नोंदवा: पिना आणि बुशांचे दोन संच, एक जादा खिटी, एक दांडा. तीस घरांच्या कामात साठ हजार विटा दाबल्या जातील, त्यात एक संच तरी नक्की लागतो, आणि तो मागवण्यात एक आठवडा गेला तर सात माणसांची टोळी तेवढे दिवस बसून राहते.